एकही डोळा नसलेली फिल्म

रावजीमामा चौगले डोकं तासून कामावर आले, तेव्हा गेटवरच्या वॉचमनने आधी टोपी काढली आणि मग हळूच विचारलं, "कोण गेलं, मामा?"

"कोण न्हाई," मामा म्हणाले. "साहेबाची ऑर्डर हाय."

मी त्यांच्या मागेच मोटरसायकल लावत होतो. पन्नाशीचा माणूस. चेहरा उन्हाने रापलेला आणि वर गोटा पांढराफटक. आपल्याकडे असं डोकं माणूस आई-बाप गेल्यावर करतो, आणि मामांचे आई-बाप जाऊन जमाना झाला होता. गेटपासून त्यांच्या टाकीपर्यंत पोचेस्तोवर सहा जणांनी त्यांना तोच प्रश्न विचारला, आणि सहाही जणांना त्यांनी तेच उत्तर दिलं. आवाजात राग नाही, रडगाणं नाही. राग आला तो मला. पुढचे सहा महिने तो माझ्याकडे मुक्कामाला होता.

या गोष्टीला अठरा वर्षं झाली. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अण्णासाहेब मगदुमांचा कारखाना होता. आम्ही प्लॅस्टिकच्या फिल्मवर आणि कागदावर थर चढवायचो. इंकजेट प्रिंटरची शाई साध्या प्लॅस्टिकवर ठरत नाही, ओघळून जाते. तिला धरून ठेवणारा, पिऊन टाकणारा आणि वर कोरडा राहणारा एक पातळ थर लागतो. पांढरी पॉलिमरची पावडर, सिलिका, पाणी आणि आणखी चार गोष्टी मिळून त्या थराचं मिश्रण होतं. मशीनवर ते फिल्मला लागतं, गरम हवेच्या बोगद्यातून वाळून बाहेर येतं आणि रीळ गुंडाळलं जातं. ऐकायला सोपं आहे. पण पावडर गरम पाण्यात टाकली की पिठल्यासारख्या गुठळ्या होतात. ती गार पाण्यात भुरभुरवायची, मग हळूहळू तापवायची आणि तोवर ढवळणं थांबवायचं नाही. हे सगळं मामा करायचे. मिश्रण जमलं का, हे माझ्या लॅबमधलं यंत्र दहा मिनिटांनी सांगायचं. मामा धुतलेलं बोट टाकीत बुडवायचे, अंगठा लावून तार ओढायचे आणि पाकाची तार बघावी तशी ती कुठे तुटते ते बघायचे. तार आणि यंत्र यांच्यात कधी वाद झालेला मी पाहिला नाही.

मी कुमार बिरनाळे, त्या लॅबमधला केमिस्ट. बीएस्सी होऊन लागलो तेव्हा मला पदवी होती आणि अक्कल नव्हती. ती मामांनी दिली. दुपारी डबा आम्ही एकत्र खायचो. हौसामामींच्या हातची भाकरी मी इतकी वर्षं खाल्ली की घरच्या भाकरीला मीच नावं ठेवायला लागलो.

त्या वर्षी आमच्या टेक्निकल मॅनेजरनी, हेमंत रणदिव्यांनी, एक मोठं काम अंगावर घेतलं. दवाखान्यांसाठी निळी फिल्म. एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं तिच्यावर छापायचं. त्या फिल्मला एक अट असते. तिच्यावर ठिपका चालत नाही. फुप्फुसाच्या फोटोवर नको तिथे गोल डाग उमटला, तर डॉक्टर त्याला आजार समजायचा. आणि नेमके आमच्या फिल्मवर ठिपके पडायला लागले. थर जिथे मागे सरकतो आणि मध्ये उघडी फिल्म राहते, तशा बारीक गोल जागा. कारखान्यात आम्ही त्यांना डोळे म्हणायचो. डोळे पडले म्हणजे मिश्रणात कुठूनतरी चिकट, तेलकट काहीतरी गेलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

रणदिवे टाकीपाशी आले आणि मामांना म्हणाले, "डोक्याला तेल लावता का?"

खोटं बोलता आलं असतं. मामा म्हणाले, "रविवारी बायको लावती. न्हाताना."

वीस वर्षांचा तो शिरस्ता होता. वीस वर्षं त्याच डोक्याखाली, त्याच टोपीखाली मिश्रण झालं आणि डोळे पडले नव्हते. मी तसं बोललोही. रणदिव्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उरलेलं वाक्य गिळलं. दुसऱ्या दिवशी मामा डोकं तासून आले.

डोळे पडायचे थांबले नाहीत. आठवड्याने रणदिवे पांढरा टिश्यू पेपर घेऊन आले आणि सगळ्या शिफ्टसमोर त्यांनी तो मामांच्या डोक्यावरून फिरवला. मग उजेडाकडे धरून दाखवला. ऑगस्टच्या दमट हवेत, बोगद्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाच्याही डोक्यावरून फिरवला असता तरी त्या कागदाला चिकट डाग लागला असता, रणदिव्यांच्याही. तेल अंगात मुरलंय, ते म्हणाले. कामावरून काढण्याचा कागद तयार झाला. 'डोक्यावर तेलाचा अंश आढळला, सूचना देऊनही निष्काळजीपणा.' खाली साक्षीदार म्हणून लॅबची सही हवी होती. लॅब म्हणजे मी.

मी सही केली. का केली, याची कारणं मी त्या काळात स्वतःला पुष्कळ सांगितली. त्यांतलं एकही आता सांगण्यासारखं वाटत नाही. मी घाबरलो होतो.

मामांनी लॉकर रिकामा केला, मला म्हणाले, "तुझा काय इलाज न्हवता, कुमार," आणि उजळाईवाडीची खोली सोडून मामींना घेऊन गारगोटीच्या पुढच्या आपल्या गावाला निघून गेले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी समजून घेतलं, आणि तेच मला सहन होईना. त्या दिवसापासून मी रणदिव्यांकडे बघताना एकच गोष्ट बघायचो. या माणसाला कुठे धरता येईल.

मामा गेल्यावरही डोळे पडत राहिले. रणदिव्यांचं उत्तर तयार होतं. तेल टाकीच्या सांध्यांत मुरलंय, जायला वेळ लागेल. टाकी तीनदा घासून घेतली. आणि आता टाकीवर मामा नसल्यामुळे साहेब स्वतः जातीने लक्ष घालू लागले. सकाळी आठला यायचे, आणि मामांची नक्कल करून बोट मिश्रणात बुडवून तार ओढायचे. तार कुठे तुटायला हवी हे त्यांना कळत नव्हतं, पण ओढायची ऐट मात्र होती. तशी ती खोड त्यांना मामा असतानाच लागली होती. फिल्मचं काम सुरू झालं तेव्हापासून.

मला हे दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. माझे डोळे उघडले खंडेनवमीला.

त्या दिवशी मशीनं बंद ठेवून पुसून झेंडूच्या माळा घालतात. आवारात रणदिव्यांची नवी कोरी गाडी उभी होती, आणि ते स्वतः, शर्टाच्या बाह्या सरसावून, तिचा डॅशबोर्ड पुसत होते. ते गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रोज सकाळी आवारात गाडी लावली की एका डब्यातलं चकचकीत पॉलिश डॅशबोर्डवर मारायचे आणि पिवळ्या कापडाने पुसायचे. मग ते कापड घडी करून दाराच्या खणात ठेवून थेट आत यायचे. मी हे शंभर वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी मशीन बंद होतं, मला काम नव्हतं, आणि मी पहिल्यांदा डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं. सिलिकॉन.

थरांच्या धंद्यात हा शब्द शिवीसारखा आहे. थर चढवायच्या खोलीजवळ सिलिकॉन येऊ द्यायचं नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. ते साबणाने धुतलं तरी नीट निघत नाही. आमचे टेक्निकल मॅनेजर ते रोज बोटांना माखून आणत होते आणि टाकीत बुडवत होते.

सगळे आरतीला गेले. पिवळं कापड बॉनेटवर राहिलं होतं. त्याच्या कोपऱ्याला मी नुसतं एक बोट लावलं, लॅबमध्ये गेलो, आणि वाटीभर मिश्रणाला ते बोट टेकवलं. काचेच्या कांडीने फिल्मच्या पट्टीवर थर ओढला आणि वाळवला. पट्टीची चाळण झाली होती. मग दुसऱ्या वाटीत मी खोबरेल तेलाचा थेंब टाकला. खोटं कशाला सांगू, तिथेही तीन-चार डोळे पडले. पण तो थेंबच्या थेंब होता. मामांच्या टोपीखालून एवढं तेल टाकीत पडायचं तर त्यांना टाकीवर उलटं टांगावं लागलं असतं. तिसऱ्या वाटीत काही घातलं नाही. तिसरी पट्टी स्वच्छ निघाली.

तिन्ही पट्ट्या माझ्या हातात होत्या आणि अण्णासाहेब खाली आरतीचं तबक घेऊन उभे होते. वीस पायऱ्या उतरायच्या होत्या.

मी उतरलो नाही. खिडकीशी उभा राहून मी पुढचं सगळं डोळ्यांसमोर आणलं. मी पट्ट्या दाखवणार. अण्णा रणदिव्यांना बोलावणार. रणदिवे म्हणणार, अरे वा, बिरनाळे, छान पकडलंस, उद्यापासून पॉलिश बंद. डोळे जाणार. संध्याकाळपर्यंत तो शोध रणदिव्यांचा झालेला असणार, कारण या कारखान्यातला प्रत्येक शोध संध्याकाळपर्यंत रणदिव्यांचा व्हायचा. मामांना कदाचित परत बोलावतील, कदाचित नाहीही. पण ज्याने सगळ्या शिफ्टसमोर त्या माणसाच्या डोक्यावरून कागद फिरवला, त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. ते मला चालणार नव्हतं. मला त्याचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, आणि तेही लोकांसमोर. मी पट्ट्या वहीत ठेवल्या, कपाळाला कुंकू लावून घ्यायला खाली गेलो आणि रणदिव्यांना दसऱ्याच्या आगाऊ शुभेच्छा दिल्या.

सूड घ्यायचा तर माणसाला आधी उंच चढू द्यायला हवं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आतूनच आलं. दसऱ्यानंतर पहिल्याच सकाळी रणदिवे टाकीकडे निघाले तेव्हा मी आडवा गेलो. म्हटलं, साहेब, तुम्ही कशाला हात खराब करता, मी नमुना केबिनमध्ये आणून देतो. काचेच्या वाटीत नमुना, खाली बशी, शेजारी नॅपकिन. त्यांना ते फार आवडलं. हुद्द्याला शोभणारं होतं. रोज सकाळी ते खुर्चीत बसून तार ओढायचे, मान डोलवायचे, आणि ती वाटी मी मोरीत ओतून टाकायचो. टाकीजवळ त्यांचं बोट पोचत नव्हतं.

डोळे गेले. आठवड्यात गेले. दिवाळी उलटली, डिसेंबर आला, आणि किलोमीटरच्या किलोमीटर फिल्म उजेडाच्या टेबलावर बघितली तरी एक डोळा सापडेना. रणदिव्यांची मान ताठ झाली. हैदराबादच्या एका कंपनीला त्यांनी नमुने पाठवले. ही कंपनी देशभरच्या दवाखान्यांना फिल्म पुरवायची. त्यांना नमुने पसंत पडले. फेब्रुवारीत त्यांची माणसं येऊन डोळ्यांसमोर फिल्म बनताना बघणार, असं ठरलं. अण्णासाहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले, आणि रणदिव्यांनी माईक नसताना भाषण केलं. टाकीतलं तेल शेवटी गेलं, ते म्हणाले, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो, एक तेलकट डोकं बाहेर काढलं आणि फिल्म आरशासारखी झाली. लोक हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, हस बाबा, फेब्रुवारी येऊ दे.

या सगळ्या काळात मी मामांकडे एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर तोंडातून निघालं असतं, आणि मामांच्या पोटात गोष्ट राहिली नसती. ते सरळ अण्णांकडे आले असते, हात जोडून. मला हात जोडणं नको होतं. मी ठरवलं होतं, जाईन ते सगळं उरकूनच, हातात बातमी घेऊन. दिवाळीला त्यांच्या गावच्या दुकानावर फोन करून नुसता निरोप ठेवला, बरं आहे म्हणून.

फेब्रुवारीत हैदराबादहून दोघं आले. त्यांच्यातले रेड्डी म्हणून होते ते वयस्क, कमी बोलणारे आणि सगळ्याला हात लावून बघणारे. रणदिव्यांनी सूट घातला होता. आवारात गाडी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली, कारण पाहुण्यांना त्याच गाडीतून जेवायला न्यायचं होतं. मी लॅबच्या खिडकीतून मोजत होतो. पिवळं कापड डॅशबोर्डवरून अकरा वेळा फिरलं.

टाकी तयार होती. अण्णासाहेब होते, पाहुणे होते, आणि शिफ्टमधले सगळे लांबून बघत होते. त्या दिवशी मी वाटी आणली नाही. मी पुढे झालो आणि शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो, "साहेब, पाहुण्यांना तार दाखवा ना. आपल्याकडे मिश्रण हाताने कसं ओळखतात ते त्यांनी कुठे पाहिलं असणार?"

रणदिवे खुलले. त्यांनी बाही मागे घेतली, दोन बोटं मिश्रणात बुडवली, वर पाहुण्यांना समजावून सांगण्याच्या नादात ती फिरवलीसुद्धा, आणि तार ओढली. ती त्यांना हवी तिथे तुटली असावी, कारण ते हसले. मी ढवळणी सुरू केली. ती दोन बोटं आता सगळ्या टाकीभर झाली.

अर्ध्या तासाने बोगद्यातून फिल्म बाहेर आली. रेड्डींनी पहिला तुकडा कापून उजेडाच्या टेबलावर ठेवला. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग त्यांनी दुसऱ्या पाहुण्याला काहीतरी तेलुगूत सांगितलं आणि बाजूला झाले. मला बघायची गरज नव्हती, तरी मी बघितलं. इतके डोळे एका तुकड्यावर मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

रणदिवे म्हणाले, पावडरचं पोतं खराब असेल. मग म्हणाले, पाणी. मग त्यांनी टाकीवरच्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला. तिथे मी बोललो. इतके महिने मी ती वाक्यं घोकली होती.

"अण्णा, पोतं तेच आहे, पाणी तेच आहे. मला पाच मिनिटं द्या."

मी पाच मिनिटं घेतली नाहीत, पंचवीस घेतली. रणदिव्यांच्या गाडीतलं कापड मागवलं. अण्णांच्याच बोटाला ते लावलं, अण्णांनाच वाटीत बोट टेकवायला सांगितलं, आणि सगळ्यांदेखत पट्टी ओढली. दुसरी पट्टी खोबरेलाची. तिसरी कोरी. तिन्ही उजेडावर शेजारी शेजारी ठेवल्या. रेड्डींनी पॉलिशच्या डब्यावरचं वाचलं, डबा जागेवर ठेवला आणि रुमालाने हात पुसले. त्यांना धंदा कळत होता.

अण्णासाहेबांनी पट्ट्यांवरून नजर वर केली. तसे ते मोठ्या आवाजाचे. त्या दिवशी आवाज खाली होता. "रणदिवे," ते म्हणाले, "त्या रावजीचं डोकं तुम्ही कशापायी भादरायला लावलं होतं?"

रणदिव्यांनी बोटांकडे पाहिलं, मग ती पँटच्या खिशात घातली. शिफ्टमधले सगळे बघत होते. तीच शिफ्ट, ज्यांच्यासमोर कागद फिरवला होता. रणदिव्यांचा चेहरा उतरत उतरत कुठपर्यंत जातो ते मी शेवटपर्यंत पाहिलं, आणि मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. लग्नात झालं नव्हतं एवढं झालं. हैदराबादचं काम गेलं. रेड्डी जेवायला थांबले नाहीत. रणदिव्यांनी आठवड्यात राजीनामा दिला. त्या माणसाची मला तेव्हा दया आली नाही आणि आजही येत नाही.

अण्णांनी विचारलं, हे तुला कधी सुचलं. मी म्हटलं, शंका होती, आज खात्री झाली. त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, मामांची माफी मागून, कामावर परत या म्हणून. ते घेऊन रविवारी मी गारगोटीची एसटी पकडली. तिथून पुढे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गेलो. वाटभर मी मनात गोष्ट रचत होतो, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा.

मामा दारातच बसले होते. केस पुरते वाढले होते, कोरडे आणि विस्कटलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये की, कुमार. वाट चुकलास व्हय." त्यांनी स्वतः आत जाऊन चहा टाकला. मामी शेतावर गेल्या असतील, मी धरून चाललो. मला सांगायची एवढी घाई होती की कप हातात पडायच्या आत मी सुरुवात केली. खंडेनवमीपासून सुरुवात केली. पिवळं कापड, डबा, तीन पट्ट्या. मग वाटी आणि बशी, मोरीत ओतलेली तार, साहेबांना कसं चढवत चढवत नेलं. मग हैदराबादचे पाहुणे, सूट, ती दोन बोटं. अण्णांचं वाक्य तर मी अण्णांच्या आवाजात करून दाखवलं. मामा ऐकत होते. मध्ये एकदा हसलेही. शेवटी मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मामींना बोलवा आता. त्यांनाही वाचून दाखवतो."

मामांनी पत्राची घडी उघडली नाही.

"ती गेली की," ते म्हणाले. "संक्रांत झाल्यावर आठ दिसांनी."

कारखान्यात कुणाला कळवलं नव्हतं. कुणाला कळवणार होते?

"दमा तर जुनाच हुता," मामा सांगू लागले, मी विचारलं नसताना. "पर ते न्हवं. हितं आल्यापासनं तिनं एकच धरलं हुतं. माझ्या हातच्या तेलानं तुमची नोकरी गेली. मी म्हनायचो, अगं, डोळं अजून पडत्यातच तिकडं, मला सांगाव आलाय. तेलाचा काय संबंध? तेवढ्यावर ती जरा धरून हुती." त्यांनी कप खाली ठेवला. "मग संक्रांतीच्या आदी आपल्या शिफ्टातला एक जण ह्या बाजूला लग्नाला आला हुता. भेटून गेला. बोलता बोलता म्हनला, मामा, दसऱ्यापासनं एक डोळा न्हाई बघा. साहेब म्हनतोय, तेल गेलं आन फिल्म साफ झाली. ती चुलीपाशी हुती. तिनं ऐकलं."

"मामा," मी म्हणालो.

"त्या दिसापासनं औषद घेईना झाली. म्हनली, बगा, मी म्हनत हुते. मग मलाबी वाटाय लागलं, आसंलबी. तेलच आसंल." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. हिशेब लागत नसला की ते टाकीकडे असे बघायचे.

"खंडेनवमीला कळलं म्हनलास न्हवं तुला?"

"हो."

"आन फिल्म साफ हुती ती तू ठिवलीस म्हनून."

"हो, मामा."

"चार म्हैनं."

मी मान हलवली. मला सांगायचं होतं की मी हे त्यांच्यासाठी केलं. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, आणि तिथेच मला कळलं की ते खरं नाही. त्यांच्यासाठी करायचं असतं तर मी त्या वीस पायऱ्या उतरलो असतो.

मामा उठले, माझा कप उचलला, आतला गार झालेला चहा अंगणात फेकला आणि कप विसळायला घेतला. पाठमोरे असतानाच म्हणाले, "सोमवारी येतो मी. सांग अण्णांस्नी. हितं बसून तरी काय करायचं आता."

ते आले. नऊ वर्षं आम्ही दोघं एकाच टाकीशी उभे राहिलो, ते तार ओढायचे आणि मी आकडा सांगायचो, आणि दोन्ही कायम जुळायचं. डबा ते त्यांच्या जागी खायचे, मी माझ्या. त्या नऊ वर्षांत ते मला एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. निवृत्त होताना त्यांनी सगळ्यांबरोबर मलाही नमस्कार केला.